उतरलेल्या सेलचा ताल

९ नोव्हेंबर, रविवार

निषेध. तीव्र, जाहीर आणि लेखी. जिल्हा परिषदेच्या सभेत नोंदवतात तसला. सौ. वसुधाबाईंनी आज ज्या फडक्यानं पंख्याची पाती पुसली, ते फडकं नसून 'विसर्ग' या बँडचा अधिकृत टीशर्ट होता. काळा. छातीवर कवटी, कवटीला शेंडी. आमच्या बँडमधल्या हबीबचे चाचा एरवी घरच्या, वरातीत वाजवणाऱ्या बँड पार्टीच्या गाडीवर मोर काढायचे, त्यांनी काढलेली. शेंडी माझ्या आग्रहाखातर. वेदपाठशाळेतून आलेल्या माणसाला कवटीसुद्धा संस्कारी लागते.

सौ.: "काखेत भोक होतं त्याला."
मी: "ते मूळचंच. तशी फॅशन होती."
सौ.: "मग पुढच्या फॅशनीला नवा घ्या."

टीशर्ट सर्फमध्ये भिजवला. आरोपी मोकाट आहे आणि संध्याकाळी धिरडी करणार आहे, त्यामुळं प्रकरण जास्त ताणलं नाही.

सं. लातूरहून मेसेज. कोणी सायली. "नमस्कार लेजंड काका". लेजंड चाललं असतं. कुणीतरी आमची जुनी कॅसेट नेटवर चढवली म्हणे, आणि लातुरातली पोरं ती ऐकून राहिलीत. तेरा डिसेंबरला त्यांचा कार्यक्रम आहे, 'विसर्ग'नं यावं. शेवटी: "न्यू मेटल परत आलंय काका!"

परत आलंय म्हणे. गेलं कुठं होतं? जड गिटार, मधेच भराभरा बोलणं, मग बेंबीच्या देठापासून ओरडणं. माझे वडील म्हणायचे, कुणाचा तरी बैल विहिरीत पडलाय. आम्ही चार वर्षं तो बैल नांदेडात पाडत होतो. मग लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, आणि बैल वर निघाला असावा.

तीनदा वाचला मेसेज. धिरडं गार झालं.

११ नोव्हें., मंगळवार

सकाळी धर्माबादची मिरचीची बातमी पाठवली. वार्ताहराचं पोट तिखटावर चालतं. दु. इतवाऱ्यात हबीबच्या दुकानी.

दुकान तसंच. खिळ्यांना टांगलेली ट्रंपेटं, हँगरला लाल कोट, कोपऱ्यात झालर लावलेले दिवे. लग्नसराई तोंडावर, म्हणून कारागीर ढोलाला कातड्याची नवी पानं चढवत होते. हबीब आता पार्टीचा मास्टर. ड्रम गळ्यात घालत नाही, पुढं छडी घेऊन चालतो. 'विसर्ग'चा ड्रमर तो. मी गळा. बसू गिटार. बासवाला विलास कधीच सौदीला गेला, तिथं ओरडायलाही परवानगी लागते म्हणतो.

मेसेज दाखवला. हबीबनं चष्मा वर केला.
"कौन सुनेगा रे पंडत? बुढ्ढे हो गये."
"तू झालास. मी लेजंड आहे."
"काका बी लिखी है उसने."

हसला. मग फोनवर ती जुनी कॅसेट लावली. दोघं ऐकत बसलो. कारागिरांनी हात थांबवले. एक जण म्हणाला, "मास्टर, ये तुम बजाये?" हबीबनं उजव्या हातानं मांडीवर ताल धरला होता.

डावा हात काखेत दाबून धरलेला. चहा आला तेव्हा काढावा लागला. कप बशीवर वाजायला लागला, टक टक टक. त्यानं तो खाली ठेवला आणि म्हणाला, "ठंड है."

नांदेडात नोव्हेंबरात एवढी थंडी नसते.

जाताना मागून: "बोल उसकू. आते बोल."

१६ नोव्हें., रविवार

सायली आली. एसटीनं. पाठीवर बास गिटार, पायात एवढी ढगळ पँट की आत अजून एक सायली मावली असती. आमच्या वेळी ढगळ पँट म्हणजे थोरल्या भावाची. लातूरला डॉक्टर व्हायला क्लास लावला होता, डॉक्टर झाली नाही, बास शिकली. बापाला अजून वाटतं रिपीट करतेय. धीट पोरगी. बास तीच वाजवणार.

हबीबच्या दुकानात बसलो. तिचा पहिला प्रश्न:
"काका, नेटवर वाद चालूय. तुमचं ट्यूनिंग कोणतं? एवढं खाली, एवढं संथ कुणीच वाजवत नव्हतं तेव्हा. सात तारांची गिटार होती का?"

हबीब माझ्याकडं बघाया लागला, मी हबीबकडं.

आता खरं काय ते. तेव्हा दिवसभर लाईट नसायची. हबीबचा टेपरेकॉर्डर सेलवर. सेलही उन्हात वाळवून, दातानं चावून पुन्हापुन्हा वापरलेले. त्यामुळं टेप म्हशीसारखा चालायचा. मुंबईहून कुणीतरी आणलेल्या परदेशी कॅसेटी आम्ही त्याच टेपवर ऐकल्या, दुसरीकडं कधीच नाही. आम्हाला वाटलं, हे संगीत असंच असतं. खोल, जड, दमलेल्या राक्षसाचं. बसूनं तारा ढिल्या करत करत त्या आवाजाला गाठलं. हबीबनं ताल तेवढा ओढला. मी आवाज बेंबीच्या खाली नेला, गुरुजींनी श्वास जिथून घ्यायला शिकवला होता तिथून. वर्षभर घोटलं.

मग लातूरला एका कॉलेजात स्पर्धा. आमच्या आधी दुसऱ्या पोरांनी तेच गाणं वाजवलं. उंदराच्या लग्नात वाजावं तसं, किरकिर आणि झपाझप. आम्ही स्टेजमागं उभे. बसू म्हणाला, "यांचं चुकतंय." मग त्यांच्याकडच्या सीडीवर मूळ गाणं ऐकलं.

तेही तसंच झपाझप. बसू: "आता?"
हबीब: "अब क्या. हमारा सही है. उनके सेल नये हैं."

तसंच वाजवलं. परीक्षकांनी विचारलं, तुमच्यात कुणी आजारी आहे का. शेवटचा नंबर. त्या दिवसापासून दुसऱ्याचं गाणं वाजवलं नाही. स्वतःची केली, सगळी त्याच चालीत. चूक होती, पण वर्षभर सांभाळलेली चूक होती. ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून टाकून द्यायची?

सायली मग हसत सुटली, डोळ्यात पाणी येईपर्यंत.
"म्हंजे ते लोक तिकडं अभ्यास करून राहिलेत त्याचा... आन् तुम्ही सेल चावले!"
हबीब, गंभीरपणे: "मैं चावला. ये पंडत है, इसकू उष्टा चलता नै."

२३ नोव्हें., रविवार

उदगीर. बसूच्या आडतीचं गोदाम, मार्केट बंद, चारी बाजूंनी सोयाबीनची पोती. आवाज पोत्यांत जिरतो, त्यामुळं तालमीला याहून चांगली जागा जगात नाही. बसवराज आता आडत्या, तोंडात अजून कानडी. पोट इतकं, की गिटार त्यावर आडवी झोपते.
"एनप्पा पंडत, केस कुठं ठेवून आलास?"
"तुझं पोट कुठून आणलंस ते सांग आधी."

'लाईट गेली' घेतलं. सगळ्यात जुनं. त्यातला बोलायचा तुकडा मी जटापाठाच्या रीतीनं बांधला होता. पाठशाळेत दोन शब्द पुढं, मग उलटे, मग पुन्हा पुढं असे घोकून घेत, तेच:

लाईट गेली, गेली लाईट, लाईट गेली,
गेली कुठं, कुठं गेली, गेली कुठं...

गुरुजी असते तर वेताची छडी घेऊन लातूरपर्यंत धावले असते. पण आठवलं. एक अक्षर चुकलं नाही. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. ओरडलो तेव्हा पोत्यांवरची कबुतरं उडाली. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा ओरडलो होतो.

दुसऱ्यांदा घेताना लक्षात आलं. हबीब मागं पडत होता. संथ आम्ही आहोतच, पण हे आमच्या संथाहून संथ. उजवा हात, पाय ठीक. डाव्या हाताची ती कडक थाप, जिच्यावर मी श्वास घेतो, ती उशिरा येत होती. दर वेळी जरा जास्त उशिरा. तिसऱ्यांदा श्वास संपून थाप यायची वाट बघत उभा राहिलो.

सायली खूश. "काका, काय हेवी! जुन्या कॅसेटपेक्षा हेवी!"

बसूनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या कुठल्या बँडचा ड्रमर मंदावला तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. आमचा मंदावला तर टाळ्या पडतात.

जेवताना हबीबनं डावा हात मांडीखाली घेतला. मी बघतोय हे त्यानं बघितलं आणि विचारलं,
"वाजवताना कापतो का? नाही ना?"
"नाही."
"बैठा तो कापता. बजाया तो रुकता. मग? बजानाच दवा है."

२५ नोव्हें., मंगळवार

रेहानाभाभींचा फोन. हबीबची बायको कधी फोन करत नाही, ईदचा शीरखुर्मासुद्धा मुलाच्या हाती पाठवते.

"भाईसाब, इनके शर्ट के बटन मैं लगाती हूँ आजकल. किसीकू बोलो नक्को. डाक्टर का नाम लिया तो घर सर पे लेते. आप बोलो ना. आपकी सुनते."

माझं कधीच ऐकलं नाही त्यानं. तरी हो म्हणालो.

त्या आजाराचं नाव मला माहीत आहे. काल मोबाइलवर वाचत बसलो होतो. बसलं की कापतं, हललं की थांबतं, आणि सगळं हळूहळू मंदावत जातं. सगळं जुळतं. इथं ते नाव लिहीत नाही. मी डॉक्टर नाही. बातमीतसुद्धा दोन बाजूंनी खात्री झाल्याशिवाय...

२७ नोव्हें., गुरुवार

हबीबला घेऊन गोदावरीच्या घाटावर गेलो. सरळ बोललो. वार्ताहराला आडून बोलता येत नाही, मथळा आधी.

"डॉक्टरकडं चल."
"नक्को."
"का?"
"डाक्टर नाव देतो. नाव दिलं की ते घरात राहायला येतं. मेहमान जैसा नै, किरायेदार जैसा."

मग म्हणाला, पार्टीतल्या कारागिरांना कळलंय. कुणी बोलत नाही. छडी घेऊन पुढं चाल म्हणतात, "मास्टर शोभता है तुमकू." आठव्या वर्षी अब्बांनी त्याच्या गळ्यात ताशा घातला. त्याला शोभायचं नाही, वाजवायचंय.

"ये एक बार. लातूर. फिर तू बोलेगा वहाँ आता."
"नक्की?"
"सोमवारी. कार्यक्रमानंतरच्या. जुबान."

मी हो म्हटलं. मित्र म्हणून आधी डॉक्टर म्हणायला हवं होतं. पण त्याच्या जागी मी असतो आणि कुणी माझा गळा आधी तपासू म्हणालं असतं, तर मीही लातूरच निवडलं असतं. घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही हट्टी. एकाला तरी शहाणं करायला हवं होतं देवानं." मग बसूलाही फोन करून तिनंच झापलं, त्याचा काय संबंध होता कोण जाणे.

त्या सोमवारची, पंधरा डिसेंबरची वेळ नांदेडच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन ठेवली. सकाळची. माझ्या नावावर.

३० नोव्हें., रविवार

पुन्हा उदगीर. भांडण.

सायलीनं मागच्या तालमीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घातलं. पडद्यावर एक रेघ येते, तालाची. आमची रेघ उतारासारखी खाली. पोरीला आता कळलं. चेहरा पडला. तरी हुशारीनं बोलली: कानात यंत्राची टिकटिक लावू, सगळे असंच करतात. नाहीतर लातूरचा एक ड्रमर आहे, तयार आहे, त्याला तुमची सगळी गाणी पाठ आहेत. हबीबचाचा दोन गाणी वाजवतील, बाकी तो.

हबीब काड्या पिशवीत भरायला लागला.

बसू उठला. इतक्या वर्षांत त्याला रागावलेला बघितला नव्हता. आडतीत कुणी मापात मारलं तरी हसतो.
"ब्याड, ब्याड. टिकटिक नको. पोरी, आम्ही घड्याळाचं ऐकलं असतं तर तू आज आमच्या दारात आली असतीस का?"
"काका, मी चाचांसाठीच म्हणून राहिले. लोक हसले तर?"
"हसू दे. लातूर पहिल्यांदा हसतंय का आम्हाला?"

मी आजवरची सगळ्यात लहान बातमी दिली. म्हटलं, ताल म्हणजे हबीब. तो जिथं थाप टाकेल तिथं मी श्वास घेईन. उशिरा टाकली तर उशिरा घेईन. पाठशाळेत श्वास लांबवायला शिकवलाय, फुकट जाऊ देणार नाही.

सायली रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मग मी पण उशिरा वाजवते. पण मला बघायला लागेल तुमच्याकडं, मोबाइलकडं नाही." तोच ठराव. आता तालमीत सगळे हबीबच्या डाव्या खांद्याकडं बघतात. खांदा आधी उचलतो, मग हात येतो. मधल्या वेळात आम्ही चौघं एकत्र थांबतो. असं थांबणं कधी केलं नव्हतं. छान येतं.

हबीब परत येताना गाडीत: "सबके सब मेरेकू घूर रहे थे. दुल्हन समझे क्या?"

४ डिसें., गुरुवार

पुण्याहून एका वेब मासिकाच्या मुलाचा फोन. मुलाखत. दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा वार्ताहराला मिळालेला शाप आहे.

"सर, मराठवाड्यात न्यू मेटल? कसं काय?"
"मराठवाड्यात राग यायला परवानगी लागते का?"
"नाही, म्हणजे, एवढा कशाचा राग होता?"
"यादी देऊ की सारांश?"
"...सारांश."
"लाईट नव्हती, पाणी नव्हतं, आणि तुमच्याकडून कुणी विचारत नव्हतं. आता विचारताय. बरं वाटलं. उशीर चालतो आम्हाला."

'नॉस्टॅल्जिया' शब्द त्यानं चार वेळा काढला. म्हटलं, लेका, नॉस्टॅल्जिया म्हणजे गेलेली गोष्ट गोड लागणं. आमची तेव्हाही कडू होती, आताही कडू आहे, फक्त दात कमी झालेत. छापलं तर बघू.

७ डिसें., रविवार

गळ्याची तयारी. गादीत तोंड घालून ओरडतो. शेजारच्या जोशीकाकूंनी सौ.ला विचारलं, "ह्यांची मूळव्याध बळावली का?" सौ.: "नाही, तरुणपण."

सौ.नं ज्येष्ठमधाचा काढा केला. टीशर्टची कवटी सर्फमधून जिवंत निघाली, शेंडी मात्र वाहून गेली. काखेत तिनं काळ्या दोऱ्यानं ठिगळ लावून ठेवलंय. आभार मानायला गेलो तर म्हणाली, "पंखे अजून दोन बाकी आहेत, लक्षात ठेवा."

१४ डिसें., रविवार, सकाळ, लातूर

काल झालं. हाताला फोड, आवाज नाही, म्हणून लिहितो. बसूच्या साडूकडं उतरलोय, सगळे घोरतायत.

जागा म्हणजे औसा रोडवरचं मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच. वर-वधूच्या सिंहासनाच्या जागी हबीबचे ड्रम. हबीब म्हणाला, "आयुष्यभर दुल्हे के आगे बजाया, आज उसके कुर्सी पे."

पोरं किती होती सांगता यायचं नाही, हॉल भरून दारापर्यंत. ढगळ पँटी, साखळ्या, क्लासच्या सॅकसुद्धा. काही बाप मागं उभे, हाताची घडी घालून. सायलीचाही. त्याला तिनं 'सांस्कृतिक कार्यक्रम' सांगितलं होतं. खोटं कुठं होतं?

पहिलं गाणं. खांदा उचलला, आम्ही थांबलो, थाप आली, मी ओरडलो. आणि हॉल उडाला. दोन्ही पायांवर, एकदम. आमच्या उशिराबरोबर उशिरा. आम्हाला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. पोरांना काही समजवावं लागलं नाही. दुसरं. तिसरं. बसूचं पोट, गिटार, सगळं एकत्र हलत होतं. हबीबच्या चेहऱ्यावर पार्टीच्या पहिल्या वर्षातलं हसू.

शेवटचं 'लाईट गेली'. बोलायच्या तुकड्यावर सगळा हॉल माझ्यासोबत, पुढं, उलटं, पुढं. मी श्वास घ्यायला थांबलो. थाप आली नाही.

मागं वळून बघितलं. डावा खांदा उचललेला, हात ड्रमच्या वर तसाच. येत नव्हता. उजवा हात चालू, पाय चालू. चेहरा शांत. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि उजवी काडी क्षणभर मांडीवर टेकवून त्या मोकळ्या हातानं डाव्या हातातली काडी उलटी केली. मूठ माझ्याकडं.

बँड पार्टीवाल्यांची रीत आहे ही. वरात रस्त्यात असताना ड्रम थांबू द्यायचा नसतो. थांबला तर नवऱ्याच्या घरचे तिथंच भांडतात, अपशकुन म्हणतात. वाजवणाऱ्याचा हात भरून आला की तो बोलत नाही, काडी उलटी धरतो. शेजारच्यानं चालता चालता घ्यायची, पुढची थाप त्याची. कॉलेजात असताना मी दोन सीझन हबीबच्या अब्बांच्या पार्टीत लाल कोट घालून चाललो होतो. वडिलांना कळलं तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी संस्कृतात बोलले. तेव्हा कितीदा तरी हबीबची काडी घेतली होती.

घेतली. माइक स्टँडवर लावला, ड्रमच्या डाव्या अंगाला उभा राहिलो, आणि मारली. हबीबची उजवी, त्याचे पाय, माझी डावी. मी ओरडत होतो आणि मारत होतो. वाईट मारत होतो. हबीब ओरडला, "जोर से, पंडत! शादी है, मय्यत नै!"

गाणं संपलं ते आधी कधी संपलं नव्हतं एवढं संथ. शेवटच्या थापेची अख्खा हॉल श्वास रोखून वाट बघत होता. मीही. ती मीच मारायची होती हे विसरलो होतो. हबीबनं कोपरानं ढोसलं.

पोरांना वाटलं आधीच ठरवलेलं होतं. व्हिडिओ फिरतोय: "दोघं मिळून एक ड्रम!" सायलीचा बाप स्टेजमागं येऊन हबीबला म्हणाला, "मास्टर, आमच्या पुतण्याचं लगीन हाय फेब्रुवारीत." आणि पोरीकडं बघून: "ही वाजवती चांगलं. मला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

बसू एका कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत होता. विचारलं तर, "सोयाबीनची धूळ." लातूरला. मंगल कार्यालयात.

१५ डिसें., सोमवार

सकाळी तयार होऊन इतवाऱ्यात. आजची वेळ. हबीब दुकानात नव्हता. घरी गेलो. भाभींनी दार उघडलं, मागं बोट केलं. आतल्या खोलीत बसला होता, शर्ट घातलेला, बटणं लावलेली, केस विंचरलेले. तयार.

"नागपूर से फोन आया. पोरं. व्हिडिओ देखके. फेब्रुवारी. मैं हौ बोल दिया."
"मला न विचारता?"
"तेरेकू क्या पूछना. तू डावा हाथ है."

हसलो. भाभी हसल्या नाहीत. मी म्हटलं, चल, उशीर होतो. म्हणाला, चलते, एक चाय. चहा झाला. मग म्हणाला, पार्टीचा एक माणूस येणार आहे, त्याला भेटून निघू. तो आला, गेला. मग मोजे सापडेनात. मग मोजे सापडले.

आता अकरा वाजत आलेत. मी त्यांच्या ओसरीवर बसून हे मोबाइलवर लिहितोय, घरी जाऊन उतरवीन. आतून त्याचा आवाज येतोय, कुणाला तरी फोनवर परवाचा कार्यक्रम सांगतोय. आवाज मोठा, खुशीतला.

थोडं थट्टेशिवाय लिहितो. परवा काडी उलटी धरताना त्यानं हाताकडं बघितलंही नाही. कधीतरी अशी वेळ येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि कुणाकडं धरायची तेही. नागपूरला माझी डावी चालेल. त्यानंतर उजवी जाईल. मग पाय. तेव्हा मी काय काय घेणार आहे? मला गाणं येतं, ओरडता येतं, हबीबचा हात मला येत नाही. लोक हसतील याची मला भीती नाही, कधी नव्हती. आत बसलेला माणूस आज माझ्यासोबत निघणार नाही, याची आहे. आणि निघाला, आणि डॉक्टरांनी ते नाव घेतलं, तर परत येताना गाडीत त्याच्याशी काय बोलायचं ते मला माहीत नाही.

हाक मारली आत्ता. "आया, आया," म्हणतोय.